दमणीची डागडुजी व कारंज्याची वाट

वऱ्हाडात बैलगाडीस बंडी म्हणतात. आणि माणसांच्या प्रवासाकरिता जी हलकी, वरून छत असलेली दोन बैलांची गाडी असते तीस दमणी म्हणतात. शहरात वाढलेल्या वाचकांस हा भेद क्षुल्लक वाटेल; परंतु शेणखत वाहणारी बंडी आणि लेकीसुनांस माहेरी पोहोचविणारी दमणी यांची योग्यता आमच्याकडे कधीही एक मानली गेली नाही. बंडी अंगणात उन्हापावसात उभी असे. दमणीस मात्र गोठ्यालगत निराळी पडवी असे, तिची चाके ओलीवर टेकू नयेत म्हणून खाली फरशीचे तुकडे घातलेले असत, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांबरोबर तिलाही हळदकुंकू लागे. इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ लोक चाकांवरची लहानशी खोली मोटारीमागे जोडून गावोगाव हिंडतात, आणि सुटीच्या दिवशी तिची गळती बुजविणे, फळ्या बदलणे, दिवे बसविणे असली कामे स्वतःच्या हातांनी करण्यात मोठे सुख मानतात. आमची दमणी त्याच जातीची वस्तू होय. तिच्यात निजावे, तिच्या सावलीत चूल मांडावी, आणि वाटेत ती मोडली तर वाटेवरच नीट करावी हे आमच्या वडीलधाऱ्यांस छंद म्हणून नव्हे, तर गरज म्हणून येत होते.

आमचे गाव वाशीमपासून दोन कोसांवर. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला, तो याच नावाने प्रसिद्ध आहे. राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच नगरात लावून दिला आहे. संस्कृत शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने ही गोष्ट सांगितल्यावाचून राहू नये, म्हणून सांगितली. जिल्हा म्हणून मात्र वाशीम फार तरुण. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून तो वेगळा झाला. हा सारा मुलूख पाणलोटाचा आहे. उत्तरेस पडलेला पावसाचा थेंब काटेपूर्णेतून पूर्णा व तापी यांच्या मार्गाने पश्चिम समुद्रास मिळतो, तर दक्षिणेस पडलेला पैनगंगेतून अखेर गोदावरीस मिळून पूर्व समुद्राकडे जातो. म्हणून येथील वाटा नकाशावर सरळ दिसल्या तरी गाडीवानास त्या सतत चढउताराच्या लागतात. त्यात पावसाळ्यात काळी जमीन चाकास धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तीच लाकडास वाळवून भेगाळते. आमच्या गाड्यांची घडण या दोन संकटांतून झाली आहे.

घरची दमणी गेली पंचवीस वर्षे पडवीत उभी होती. तिच्यावर कोंबड्या बसत. दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावरील एका नव्या उपाहारगृहाचा मालक आला आणि तिची चाके मागू लागला. एक चाक दर्शनी भिंतीवर टांगावयाचे व दुसऱ्यावर काच टाकून मेज करावयाचे, असा त्याचा बेत होता. किंमतही तो बरी देत होता. घरातील तरुण मंडळींस व्यवहार पसंत पडला. परंतु माझी वडील बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती त्या दिवशी घरी होती. ती म्हणाली, "नाना, चाकं गेली तर आईच्या नवसाचं काय?"

हा नवस म्हणजे असा. अक्का लहानपणी विषमज्वराने फार आजारी पडली असता आईने कारंज्याच्या गुरुमहाराजांस, मुलगी बरी झाल्यास घरच्या दमणीने तिला दर्शनास आणीन, असे बोलून ठेवले होते. अक्का बरी झाली; पण पुढे एकामागून एक अडचणी निघत गेल्या, आणि आई गेली ती हे ऋण मनात ठेवूनच गेली. अक्का मोटारीने कारंज्यास अनेकदा जाऊन आली आहे. परंतु ते तिच्या हिशेबी धरण्याजोगे नाही. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कंबर दुखते, आणि आणखी एक वर्ष थांबू असे म्हणण्याचा धीर तिला किंवा आम्हांस नव्हता. नवसाच्या तत्त्वाविषयी मतभेद असू शकेल. आईच्या शब्दाविषयी आमच्या घरात तो नव्हता.

तेव्हा दिवाळी झाल्यावर दमणी बाहेर काढली. पुसली तेव्हा कळले, की वरची सागाची साटी शाबूत आहे. मात्र छत गेलेले, जुवास वाळवी लागलेली, आणि चाके वरून दिसतात तितकी बरी नाहीत. डाव्या चाकाचे दोन आरे हातांनी हलत होते व एक पुठ्ठा मधोमध तडकलेला होता.

येथे चाकाची रचना थोडी सांगतो. मध्ये लाकडी तुंबा. त्यात ठोकलेले बारा आरे. आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर परिघाचे सहा वक्र तुकडे, त्यांस पुठ्ठे म्हणतात, प्रत्येकात दोन आरे बसतात. आणि सर्वांस कवळणारी लोखंडी पट्टी, तीस धाव म्हणतात. यांपैकी पुष्कळ गोष्टींची नावे वेदकाळापासून बदललेली नाहीत. अर त्याचा आरा, अक्ष त्याचा आख, युग त्याचे जू, धुर् त्याची धुरा. सुतार हा शब्दही सूत्रधाराचाच. वैदिक कर्मकांडात रथकारास पावसाळ्यात अग्न्याधान करण्याचा अधिकार सांगितला असून, हा रथकार नेमका कोण याविषयी मीमांसकांनी एक स्वतंत्र अधिकरण खर्ची घातले आहे. चाक घडविणाऱ्याची योग्यता त्या काळी किती मोठी होती हे यावरून दिसते. आज ती किती उरली आहे, हे आमच्या गावच्या सुतारास विचारावे. सत्तरी ओलांडलेल्या या गृहस्थाने दहा-बारा वर्षांत एकाही चाकावर धाव चढविली नव्हती. दाराच्या चौकटी आणि खाटा यांवर त्याचा चरितार्थ चालत होता. दमणीचे काम निघाले असे ऐकताच तो दुसऱ्या दिवशी सकाळीच तासणी घेऊन दारात हजर झाला.

आऱ्यांस व पुठ्ठ्यांस बाभळीसारखे लाकूड नाही. मात्र ताजी बाभूळ कामाची नव्हे. तिला कीड लागते व ती वाळताना पिळते. म्हणून ओंडके काही महिने तळ्यात बुडवून ठेवून मग सावलीत वाळवितात. असा एक जुना ओंडका सुताराकडे पडून होता. पूर्वी लाकडी आखास धावडा वापरीत, कारण तो लवतो पण सहसा मोडत नाही. आमच्या दमणीस वडिलांच्या वेळीच लोखंडी आख बसविला होता. त्यास जेथे तुंबा घासतो तेथे झीज झालेली दिसली, तेव्हा वाशीमच्या एका लेथवर तो तासून घेऊन तुंब्यातील बिडाची नळी तेवढी नवी घातली. सुतारकामात मुख्य गोष्ट कूस व भोक यांचा मेळ. आरा तुंब्यात हाताने गेला तर तो वाया गेला समजावे. घणाच्या घावांनी गेला पाहिजे, आणि प्रत्येक घावाचा आवाज आधीच्याहून किंचित वरच्या सुरात आला पाहिजे. सुतार डोळे मिटून हे ऐके. मी व माझा नातू, दोघांनीही ऐकून पाहिले. तिसऱ्या आऱ्यापासून मला तो फरक कळू लागला. नातवास पहिल्यापासूनच कळत होता.

नातू अमरावतीस यंत्रविद्येच्या अभ्यासक्रमास आहे. त्याचे म्हणणे असे, की लाकडाची चाके काढून टाकावीत व मोडीत निघालेल्या डनलॉप गाडीची बेअरिंगवाली टायरची चाके बसवावीत. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. रबरी चाक खडबडीत वाटेवर धक्का खाऊन टाकते, मऊ जमिनीत कमी रुतते, आणि बेअरिंगमुळे घर्षण पुष्कळ घटते. बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बैलगाडीच्या सुधारणेचा ध्यास घेतला होता. चाकांचे घर्षण व मानेवरील जुवाची घासण कमी झाली तर कोट्यवधी मुक्या जनावरांचे हाल कमी होतील, हे ते सतत सांगत असत. ओझे वाहणाऱ्या बंडीस टायरची चाके लावावीत, याविषयी माझ्या मनात संशय नाही. जो शेतकरी तसे करतो तो बैलांवर उपकार करतो.

पण प्रश्न दमणीचा होता, तीन-चार माणसे व एक पेटी एवढ्याच भाराचा. शिवाय वऱ्हाडातील प्रत्येक गाडीवाट बाभळींच्या खालून जाते, आणि तिच्यावर सालोसाल काटे पडलेले असतात. रबरात हवा कोंडलेली असते. काटा शिरला की ती जाते, आणि मग पंप, ठिगळ व ते लावणारा माणूस यांची वाट पाहत बसावे लागते. नातवाने दुसरा मार्ग काढला. ट्रकच्या जुन्या टायरच्या पट्ट्या कापून त्या धावेवर बोल्टांनी आवळाव्यात. अशी चाके आमच्या भागात दिसतात. सुतार मात्र खवळला. "गुरुजी, पुठ्ठ्याले भोक पाडलं का चाक मेलं समजा. मी त पाडत नाही बापा." त्याचे कारण योग्यच होते. पुठ्ठ्याचे बळ त्याच्या अखंड रेषांत आहे. बोल्टासाठी भोके पाडली की पाणी त्यांतून आत मुरते, लाकूड तेथेच कुजते व तेथेच फाटते. दोन दिवस घरात या विषयावर वाद चालला. शेवटी असे ठरले, की चाके जशी होती तशीच राहावीत, बैलांच्या पायांस पत्र्या मारून घ्याव्यात, आणि डांबरी रस्त्यावरून न जाता त्याच्या कडेच्या मातीवरून जावे. धक्क्यांचा बंदोबस्त चाकांत न करता बैठकीत करावयाचे नातवाने पत्करले.

धाव चढविण्याचा दिवस मार्गशीर्षातला. गावातील लहान मुले तर जमलीच, पण ज्यांनी हे बालपणी पाहिले होते असे म्हातारेही काठ्या टेकीत आले. धाव चाकाहून मुद्दाम लहान करतात. चार फूट व्यासाच्या चाकाचा परीघ साडेबारा फुटांहून किंचित अधिक. सुताराने सुतळीने तो मोजला आणि लोहाराने धाव त्याहून सुमारे अर्धा इंच कमी करून पुन्हा जोडली. लोखंड तापले म्हणजे वाढते, दर अंशास लाखात सव्वा भाग या मानाने. पाचशे अंश तापविल्यास एवढ्या धावेचा परीघ सुमारे नऊ दशांश इंच वाढतो, म्हणजे अर्ध्या इंचाची तूट भरून निघून वर थोडी मोकळीक राहते. हा हिशेब नातवाने कागदावर मांडून दाखविला तेव्हा लोहार हसला. त्याची रीत निराळी. गोवऱ्यांच्या गोल आगट्यात धाव मावळत्या सूर्यासारखी लाल झाली, आणि लाकडाची ढलपी तिला लावताच भपकन पेटली, की वेळ झाली.

पुढचे काम काही क्षणांचे असते. तिघांनी तीन सांडशींनी धाव उचलली, आडव्या ठेवलेल्या चाकावर टाकली, चहूकडून घण पडले. लाकूड पेटू लागते, धूर होतो, आणि त्याच वेळी बायका घागरींनी पाणी ओततात. फार उशीर झाला तर पुठ्ठे जळून कोळसा होतात. फार घाई झाली तर धाव वाकडी बसते. पाणी पडताच लोखंड आकसते, आणि मग चाकातून जो आवाज येतो तो ज्याने ऐकला तो विसरत नाही. सारे सांधे एकामागून एक करकरत मिटतात. खिळा नाही, सरस नाही. केवळ आकसलेल्या लोखंडाच्या मिठीने एकोणीस लाकडे एक होतात. सुताराने चाक उभे करून बोटाने वाजविले, क्षणभर थांबला, आणि दुसऱ्या चाकाकडे वळला. त्याचा मुलगा शहरात फर्निचरच्या दुकानात काम करतो. तो त्या दिवशी रजा काढून आला होता. दुसऱ्या धावेच्या वेळी घण त्याच्या हातात होता.

छताचे काम बुरडाने दोन दिवसांत केले. बांबूच्या कामट्यांची कमान, तिच्यावर विणलेला तट्ट्या. पूर्वी त्यावर घोंगडी घालीत. आजकालचे प्लॅस्टिकचे कापड पाण्यास चांगले, पण उन्हात तापून आतल्या माणसास भाजून काढते. त्यावर उपाय म्हणून तट्ट्या आणि ताडपत्री यांच्या मध्ये आडव्या कामट्या घालून चार बोटांची पोकळी ठेवली, व तिची पुढची-मागची तोंडे मोकळी सोडली. गाडी चालू असता त्या पोकळीतून वारा वाहतो आणि ताडपत्रीची धग खाली पोहोचत नाही. ही युक्ती कोणासही करता येण्यासारखी आहे. बैठकीस नातवाने साटीच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांस नवार ताणून तिची झोळी केली, साटीपासून वीतभर उंच, तीवर गादी. अक्काने बसून पाहिले आणि, "पाळण्यात निजवलंस रे मला," एवढेच म्हणाली.

भाराच्या तोलाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण याच बाबतीत लोक फार निष्काळजी असतात. दुचाकी गाडीत ओझे आखाच्या मागे गेले तर गाडी उलाळते व जू वर उचलून बैलांच्या गळ्यास काच बसतो; पुढे आले तर सारा भार मानेवर पडतो. आखापासून जुवापर्यंतचे अंतर आमच्या दमणीत नऊ फूट. तरफेच्या नियमाने चाळीस किलोची पेटी एक फूट मागे सरकविली तर मानेवरचा भार साडेचार किलोंनी कमी होतो. आम्ही धान्य तोलण्याचा काटा जुवाखाली अडकवून, माणसे बसवून, हा भार प्रत्यक्ष पाहिला आणि पाण्याचा पिंप, शिधा व अंथरुणे यांच्या जागा खडूने आखून टाकल्या. थोडा भार मानेवर हवाच, नाहीतर जू नाचते. तो किती हवा, हे शेवटी बैल मान कशी धरतो हे पाहूनच ठरले.

मागच्या बाजूस लाल व पिवळ्या चकाकणाऱ्या पट्ट्या चिकटविल्या आणि आखाखाली, जेथे पूर्वी कंदील टांगीत, तेथे विजेचा लहान दिवा बांधला. त्याचा संचय दिवसा छतावरील सूर्यपत्र्यावर भरे. आख ओंगण्यास मात्र जुनेच साधन: एरंडेलात गवताची काळी राख खललेली, बांबूच्या नळकांड्यात भरून आखाशेजारी टांगलेली.

माघ शुद्ध द्वादशीस पहाटे निघालो. अक्का, मी, नातू आणि गाडी हाकणारा गडी. गवळाऊ जातीची जोडी शेजाऱ्यांकडून मागून घेतलेली. कारंज्याचा गुरुप्रतिपदेचा उत्सव माघ वद्य प्रतिपदेस असतो. पौर्णिमेच्या संध्याकाळपर्यंत पोहोचावयाचे, म्हणजे वाटेत तीन मुक्काम. गव्हाच्या ओंब्या भरत आलेल्या, हरभऱ्याचे घाटे वाळू लागलेले, तुरीच्या काड्यांचे भारे बांधांवर रचलेले. सोयाबीनने आमच्या भागातील कापसाची जागा बरीच घेतली असली तरी ते पीक दिवाळीच्या आधीच निघून जाते. माघातले रान अद्याप जुन्याच पिकांचे दिसते. ट्रॅक्टर दिसत होते. बंड्या मोजक्याच, आणि त्या बहुतेक टायरच्या. आम्हांस पाहून लोक थांबत, म्हातारी माणसे चाकावर हात ठेवून पाहत, आणि एकच प्रश्न विचारीत: "धाव कोणं चढवली?"

पहिल्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. बैलाच्या चालीने गेले असता देश निराळाच दिसतो, असे म्हणण्याची वहिवाट आहे. मला मात्र तो निराळा ऐकू आला. मातीवरून चाक जाते तेव्हा आवाज जवळजवळ नसतो, मुरमावर कुरकुर, पुलाच्या फरशीवर खडखडाट. मोटारीत बसणाऱ्यास जमीन बदलल्याची वर्दी मिळत नाही.

या प्रदेशातून चाकांच्याही आधी जे तांडे गेले ते बंजाऱ्यांचे. हजारो बैलांच्या पाठीवर गोणी लादून ते धान्य व मीठ देशभर नेत. त्यांस रस्ता लागत नसे, म्हणून चाकही लागत नसे. आगगाडी आली आणि त्यांचा व्यापार बसला. याच जिल्ह्यात मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे त्यांचे पूज्य संत सेवालाल महाराज यांचे स्थान आहे. रामनवमीस तेथे देशभरातून बंजारा समाज लोटतो, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात त्या समाजाच्या वारशाचे मोठे संग्रहालयही तेथे उघडले. आता यात्रेकरू बहुधा मोटारीने येतात. सामानाच्या टेम्पोवर बांबूच्या कमानी बांधून, ताडपत्री ताणून, आत फळ्यांचे दोन मजले करून त्यात अख्खे कुटुंब निजताना मी पाहिले आहे. तीही दमणीच, फक्त बैल बदलले.

दुसऱ्या दिवशी उतारावर गडी एकाएकी ओरडला व खाली उडी टाकून त्याने बैल धरले. उजवे चाक आखावरून चार बोटे बाहेर सरकले होते. आखाच्या टोकात जी खीळ असते, जिच्यामुळे चाक जागी राहते, ती मोडून पडली होती. तुकडा पाहता त्यात जुना गंज दिसला. संस्कृतात या खिळीस 'आणि' असे नाव आहे. आपले मराठी 'आणि' हे उभयान्वयी अव्यय त्याहून निराळे, त्याचे मूळ 'अन्य' शब्दात सांगतात. पण दोहोंचे काम पाहता हा योगायोग मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. त्या वेळी मात्र गंमत सुचण्यासारखी स्थिती नव्हती. आणखी वीस हात गेलो असतो तर चाक निसटून अक्का बसली होती त्याच बाजूस दमणी कलंडली असती. अक्कास उतरवून बांधावर बसविले. गड्याने बाभळीची एक वाळकी फांदी तोडली, नातवाने कोयत्याने ती तासली, दगडाने ठोकून बसविली, आणि अर्ध्या तासाच्या आत आम्ही चालू लागलो. त्या लाकडी खिळीवर मंगरूळपीर गाठले. तेथे हजरत हयात कलंदर यांचा दर्गा व बिरबलनाथ महाराजांचे मंदिर ही दोन्ही मोठी स्थाने आहेत. आम्ही मात्र आधी लोहाराचे घर शोधले. त्याने दोन्ही बाजूंच्या खिळी नव्या करून दिल्या व पैसे घेताना म्हणाला, लाकडाची आहे ती फेकू नका, पेटीत ठेवा. ती ठेवली आहे.

तिसरा मुक्काम उघड्या माळावर झाला. चतुर्दशीचे चांदणे, बैलांच्या घुंगरांचा अधूनमधून आवाज, आणि दूर हमरस्त्यावर ट्रकांचे दिवे. याच जिल्ह्यातून मालेगाव, शेलूबाजार, कारंजा यांच्या जवळून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला व २०२५ च्या जूनमध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पुरा झाला. त्यावर बैलगाडीस मज्जाव आहे, आणि तो असावा हेच बरे. रात्री नातवाने मागचा दिवा पेटता ठेवला. अक्कास झोप लागली नव्हती. तिने आईच्या हातच्या शिदोरीत काय काय असे ते एकेक करून सांगितले. मी ऐकत होतो. इतके बोलताना मी तिला पुष्कळ वर्षांत ऐकले नव्हते.

पौर्णिमेस दुपारनंतर कारंजे दिसू लागले. जुन्या कारंज्यास चार वेशी आहेत, दिल्ली, दारव्हा, पोहा आणि मंगरूळ. व्यापाराने संपन्न झालेले हे गाव १६७० च्या अखेरीस शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटले, तेव्हा लूट वाहून नेण्यास चार हजार बैल व गाढवे लागली असे इतिहासकार सांगतात. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची आगगाडी येथूनच जाऊ लागली. तीही आता बंद पडली आहे. आम्ही आलो त्या दिशेची वेस मंगरूळची. डांबर टाळणे आता शक्य नव्हते. धावांचा खडखडाट घरांच्या भिंतींवर आदळू लागला, लोक दारांत आले, आणि अक्काने डोक्यावरून पदर घेतला.

श्रीनृसिंह सरस्वती यांचे हे जन्मस्थान. गुरुमंदिरातील पादुकांची स्थापना १९३४ सालची. दुसऱ्या दिवशी प्रतिपदेस पहाटे दर्शन झाले. गर्दी फार होती. अक्कास एका बाजूने आत सोडले. ती पादुकांपुढे किती वेळ उभी होती व काय बोलली हे मी विचारले नाही. बाहेर आल्यावर तिने दमणीच्या दोन्ही चाकांस कुंकू लावले आणि विचारले, "परत जायला किती दिवस धरायचे?"

आम्हांस वाटले होते, ती परतीस मोटार मागेल. नातवाने मुकाट्याने चाके तपासली. डाव्या चाकाचा नवा पुठ्ठा जरा दबून त्याच्या सांध्यात नखभर फट पडली होती. नवे लाकूड बसताना असे होतेच. तिथे बाभळीची पातळ पाचर ठोकली, रात्रभर त्यावर ओले पोते गुंडाळून ठेवले, आणि सकाळी आख ओंगून वद्य द्वितीयेस निघालो. काळवीट पाहण्याची नातवास हौस होती, म्हणून कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या कडेने थोडा वळसा घेतला, तीन दिसले.

आता चैत्राचे ऊन लागण्यापूर्वी दोन्ही चाके काढून आठवडाभर तळ्यात ठेवावयाची आहेत. सुताराने निरोप धाडला आहे, की शेजारच्या गावच्या एका शेतकऱ्याने आपली जुनी दमणी आणून दाखविली. तिच्या उजव्या चाकाचे चार आरे गेले आहेत, आणि त्याचा मुलगा रविवारी येणार आहे.